मालवण-तारकर्ली फॅमिली ट्रिप: खारपाणपट्ट्यातल्या एका कुटुंबाचा रिव्ह्यू

सरळ सांगते. घरातली म्हातारी माणसं अन् पोट्टे दोन्ही सोबत असतील, समुद्र पाहायचा असेल, किल्ला पाहायचा असेल अन् देवदर्शनही व्हायचं असेल तर मालवणला जा. पण तिथं एकाच घरी मुक्काम टाका अन् दिवस भरती-ओहोटी पाहून लावा, गाडीवाल्याच्या पॉइंटच्या यादीवर लावू नका. हे एवढं सांगायसाठीच लिहून राहिली. आमच्या विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातले, म्हणजे दर्यापूर, अंजनगाव, अकोट साइडचे लोक आता बरेच कोकणात जाऊन राहिले, अन् आम्ही जाऊन आल्यापासून मला फोनवर सगळे तेच विचारतात, कुठं राहिले, मामाजींना (माझ्या सासऱ्यांना) झेपलं का, व्हेज मिळते का, बोटीत भीती नाही वाटली का, म्हणून सगळं एकदाच टाकते.

घरात आम्ही दोघं, मामाजी, आत्याबाई (सासूबाई), दोन पोरं अन् नणंद. आत्याबाई माळकरी, त्यांना मासळीचा वासही चालत नाही. मामाजींचे गुडघे दुखतात पण हौस सगळ्यात जास्त त्यांनाच. गेलो संक्रांतीनंतर. आमच्याकडच्या शेतकरी घराला हाच टाइम मोकळा असते, सोयाबीन कधीचं विकलेलं, तूर घरात आलेली, हरभरा आपल्या ओलीवर उभा, अन् कापसाचा शेवटचा वेचा चार दिवस थांबला तरी चालते. पोरांची शाळा बुडाली, बुडू द्या. मे महिन्यात जाणाऱ्यांना सांगते, तिथं तापमानाचा आकडा आपल्यापेक्षा लय कमी असते, आपल्या पंचेचाळीसपुढं तिथले तेहतीस-चौतीस काहीच नाही वाटत, पण घाम असा फुटते की अंगावरचा कपडा वाळत नाही, आपलं कोरडं ऊन सहन करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तो दमटपणा जास्त त्रास देते. फेब्रुवारीच्या आसपास मसुऱ्याजवळ आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा भरते, तिची तारीख पंचांगावर ठरत नाही, दरवर्षी कौल लावून ठरवतात, अन् मुंबईहून एवढे लोक येतात की खोल्या अन् ट्रेन दोन्ही मिळत नाहीत. जत्रा पाहायची नसेल तर तारीख जाहीर झाली का बघूनच बुकिंग करा.

जायला नागपूर-मडगाव गाडी. नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ करत कल्याण-पनवेलवरून कोकण रेल्वेवर जाते. आम्ही संध्याकाळी अकोल्याला बसलो अन् दुसऱ्या दिवशी दुपारी मालवणसाठी कुडाळला उतरलो. मध्ये कुठं बदलायची नाही हा या गाडीचा सगळ्यात मोठा फायदा, मुंबईला सामान अन् म्हातारी माणसं घेऊन एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर पळायचं काम नाही. रोज नाही, आठवड्यातून मोजक्याच दिवशी असते, अन् स्पेशल म्हणून चालते तर निघायच्या आधी चालू आहे का अन् टाइम काय ते चेक करा. खिडकीची सीट दिवसाच्या भागासाठी पोरांना द्या, चिपळूणच्या पुढं बोगदे अन् पूल सुरू झाले की त्यांना मोबाईल आठवत नाही. आमच्या पोट्ट्यानं बोगदे मोजायला घेतले अन् रत्नागिरीच्या अलीकडेच सोडून दिले.

आता पॅकेजबद्दल बोलते, कारण आपल्याकडे तालुक्याच्या गावी बसून लोक कोकण दर्शन विकतात. आम्हालाही एकानं यादी दिली होती (नाव घेत नाही). दोन दिवसांत सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग, स्कुबा, कुणकेश्वर, देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ला, रेडीचा गणपती अन् वरून सावंतवाडी. नकाशा काढून पाहा, विजयदुर्ग जिल्ह्याच्या एका टोकाला अन् रेडी दुसऱ्या टोकाला गोव्याला लागून. रस्ते वळणाचे, आपल्यासारखे सरळ नाहीत, इथं चाळीस किलोमीटरला जेवढा वेळ लागते तिथं त्याच्या दीडपट धरा. अशा यादीत माणूस गाडीत बसून राहते, उतरते, फोटो काढते, परत बसते, अन् म्हाताऱ्या माणसाला तर प्रत्येक वेळी गाडीत चढणं-उतरणं हेच काम होते. ते पॅकेज आम्ही घेतलं नाही याचा मला आजही आनंद आहे.

आम्ही राहिलो तारकर्लीहून देवबागला जाणाऱ्या रस्त्यावर एका घरगुती होमस्टेमध्ये. देवबाग म्हणजे जमिनीची एक लांब पट्टी, एका बाजूला समुद्र अन् दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधात माड अन् घरं. रस्त्यावर उभं राहिलं तर काही ठिकाणी दोन्ही पाणी दिसतात. घर चिऱ्याचं (तिथला तो लाल जांभा दगड), कौलारू, पुढं शेणानं सारवलेलं खळं (अंगण). आत्याबाईंना ते सारवण पाहूनच घर आवडलं. खोल्या थोड्याच आहेत, बाथरूम खोलीला जोडून, कमोड आहे, गरम पाणी मिळते, पायऱ्या दोनच. घरमालकीण काकूंनी नाव टाकू नका म्हटलं, त्यांना तेवढीच माणसं सांभाळता येतात म्हणे, तर नाही टाकत. पण त्या रस्त्यावर अशी पुष्कळ घरं आहेत. बुक करताना तीन गोष्टी फोनवरच विचारा, खोली तळमजल्याला आहे का, व्हेजची भांडी वेगळी ठेवता का, अन् समुद्रावर जायची वाट घराच्या मागूनच आहे का फिरून जावं लागते. एसी अन् टीव्ही नंतर विचारा.

काकूंच्या घरची खरी सर्व्हिस कोणती म्हणाल तर वेळ सांगणं. पहिल्याच संध्याकाळी यांनी विचारलं की उद्या किल्ल्यावर किती वाजता निघायचं, तर काकूंनी घड्याळ नाही पाहिलं, विचारलं, "उद्या तिथी काय?" आत्याबाई लगेच म्हणाल्या, एकादशी. काकू म्हणाल्या अकराला तीननं गुणा अन् चारनं भागा. तेहतीस भागिले चार, सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या आसपास भरती पूर्ण, मग पाणी उतरायला लागते, दोन-सव्वादोनला ओहोटी, अन् रात्री साडेआठच्या पुढंमागं परत भरती. द्वादशीला बाराचा हिशोब, नऊ वाजता. रोज पाऊण तास पुढं सरकते. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात, अन् त्या दिवसांत पाणी चढतेही जास्त अन् उतरतेही जास्त. हा अंदाज आहे, अर्धा तास इकडंतिकडं होते, पण फिरायला पुरून उरते. आत्याबाई आयुष्यभर तिथी पाहून उपास करतात, त्यांना हा हिशोब एका झटक्यात समजला अन् तिथून पुढं आमच्या ट्रिपचा टाइमटेबल त्याच सांगत होत्या. "आता पानी माघं जाईन, पोट्टे घेऊन चला." मला हे इतकं आवडलं की काय सांगू. पॅकेजमध्ये म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवून नेतात, इथं तेच माणूस सगळ्यांना घेऊन निघालं.

अन् हे कामाचंही आहे. तारकर्लीचा किनारा ओहोटीला एवढा रुंद अन् सपाट होते की गुडघे दुखणारं माणूस ओल्या घट्ट वाळूवरून आरामात चालते. भरतीला तोच किनारा अरुंद अन् भुसभुशीत, पाय रुततात. मामाजी कोरड्या वाळूत दहा पावलं टाकून बसले होते, तेच दुपारी ओल्या वाळूवर पार लांब जाऊन आले. पोरांसाठीही उतरत्या पाण्याचा नियम पाळा, पाणी मागं ओढत असताना त्यांना कमरेपर्यंतही सोडू नका, घोट्याएवढ्या पाण्यातच खेळू द्या.

आता किल्ला. सिंधुदुर्ग किल्ल्याला मालवणच्या जेट्टीवरून बोटी जातात, स्थानिक लोकांच्याच आहेत, दहा-पंधरा मिनिटांत पोचवतात. पावसाळ्यात बंद असतात. जेट्टीवरून बोटीत उतरताना बोट हलते, तेव्हा मामाजींसारख्यांनी घाई करायची नाही, बोटवाले दादा दोन्ही हात धरून उतरवतात, सवय आहे त्यांना. लाइफ जॅकेट मागून घ्या अन् पोरांच्या मापाचं आहे का पाहा, मोठ्या माणसाचं जॅकेट लहान पोराच्या गळ्यातून निसटते. नऊवारी असेल तर प्रश्न नाही, सहावारी थोडी वर खोचून घ्या, उतरताना पाण्याचे शिंतोडे उडतातच.

बोट किल्ल्याजवळ जाते तेव्हा समोर नुसता तट दिसते, दरवाजा कुठंच नाही. आमच्या पोरीनं विचारलं, "आई, याले दारच नाही का?" बोट पार जवळ गेली, आम्ही उतरून चालायला लागलो तरी दार दिसेना, अन् मग दोन बुरुजांच्या मधल्या वळणात एकदम समोर आलं. गोमुखी दरवाजा म्हणतात याला. आम्ही नरनाळा अन् गाविलगड पाहिलेली माणसं, नरनाळ्याचा महाकाली दरवाजा कसा कोरीव, लांबूनच मान वर करून पाहायला लावणारा, अन् इथं बरोबर उलट, दार लपवायसाठीच सगळी रचना. मामाजी तिथंच थांबून पोरांना समजावत बसले की इथं हत्ती घेऊन धडक मारायला पळायची जागाच नाही ठेवली, अन् आत शिरणारा माणूस दोन्हीकडून वरच्यांच्या माऱ्यात सापडते. तटही सरळ नाही, नागमोडी आहे, त्याचंही कारण तेच, भिंतीला चिकटलेल्या शत्रूवर बाजूच्या वळणातून मारा करता येते.

बांधायला सुरुवात २५ नोव्हेंबर १६६४ ला, कुरटे बेटावर, अन् तीन वर्षांत म्हणजे १६६७ मध्ये काम पूर्ण. त्याचं भूमिपूजन जिथं झालं तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आहे, दगडावर गणपती अन् चंद्र-सूर्य कोरलेले. फार कमी लोक तिथं जातात, गाडीवाले नेत नाहीत, तुम्ही मात्र किल्ल्यावर जायच्या आधी तिथं जा. आत्याबाईंनी तिथं हळदकुंकू वाहिलं अन् मगच बोटीत बसल्या. किल्ला आतून ४८ एकर, तटाची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास, भिंत तीस फूट उंच अन् बारा फूट रुंद. पायात शिसं ओतून दगड बसवले. समुद्राचं पाणी रोज दोनदा त्या भिंतीवर आपटते, साडेतीनशे वर्षं झाली, अन् आपल्याकडे नवीन बांधलेल्या नाल्याची भिंत दोन पावसाळे काढत नाही.

आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं. आत शिवाजी महाराजांची मूर्ती आहे अन् तिला दाढी नाही, पोरांना हे आधी सांगून ठेवा नाहीतर ते विचारत बसतात की हे महाराजच का. चुन्यात उमटवलेले महाराजांच्या हाताचे अन् पायाचे ठसेही जपून ठेवलेले आहेत, दाराजवळच्या छोट्या घुमट्यांमध्ये. यांनी पोराला उचलून दाखवले तर त्यानं आपला हात हवेत धरून माप घेतलं. माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते. शाळेच्या पुस्तकात पानभर वाचतात ते अन् हे, लय फरक आहे.

पण आमच्या घरासाठी किल्ल्यावरची सगळ्यात मोठी गोष्ट विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन, चारही बाजूंनी खारा समुद्र अन् आत पाणी गोडं. आम्ही खारपाणपट्ट्यातले. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, अमरावती, अकोला, बुलडाण्यात पूर्णेच्या खोऱ्यात विहीर खोदली तर पाणी खारट लागते, प्यायला नाही, पिकाला दिलं तर जमीन चोपण (घट्ट, नापीक) होते, मुतखडे अन् किडनीचे आजार घरोघरी. आता नळाला शहानूर धरणाचं पाणी येते, पण मामाजींच्या लहानपणी बाया कोसभर चालत गोड्या पाण्याची घागर आणायच्या. तर किल्ल्यावर राहणाऱ्या एका बाईंनी (अजूनही तिथं थोडी कुटुंबं राहतात) कळशी वर ओढली अन् मामाजींच्या ओंजळीत पाणी ओतलं. त्यांनी आधी जिभेवर घेऊन पाहिलं, आपल्याकडे नवीन विहिरीचं पाहतात तसं. मग पूर्ण ओंजळ प्यायले, मग परत ओंजळ पुढं केली. म्हणाले, "आपल्याकडं समुद्र नाही तरी विहीर खारी, अन् इथं समुद्रात विहीर गोडी. माणसानं जागा कशी निवडाव थे पाय!"

नणंद सायन्सची, तिनं सांगितलं की बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरते अन् गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून खाऱ्या पाण्याच्या वर थर करून राहते, बेताबेतानं उपसलं तर टिकते, जास्त ओढलं तर खालचं खारं वर येते. आपल्याकडे मीठ जमिनीतच आहे, वरून काळी चिकण माती, निचरा नाही, म्हणून ते धुऊन जात नाही. मामाजींनी एवढं ऐकून पहिलं काय म्हटलं असेल तर, शेततळं. पावसाचं पाणी वरच्या वर धरायचं, खालच्याला हात लावायचा नाही. हे आमच्याकडे कृषीवाले कधीपासून सांगून राहिले, पण मामाजींना पटलं ते साखरबावीच्या काठावर. खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक शेतकऱ्यानं तो किल्ला या एका गोष्टीसाठी तरी पाहावा असं माझं मत आहे.

किल्ल्याबद्दल तक्रार एकच अन् ती मनापासूनची. बोटवाले साधारण तासाभराचा वेळ देतात अन् मग परत चला. तासाभरात ४८ एकर होत नाही, म्हाताऱ्या माणसासोबत तर मंदिर अन् विहिरी झाल्या की संपलं, तटावरून फिरणं राहते. आम्ही बसायच्या आधीच बोलून ठेवलं की आम्ही नंतरच्या बोटीनं येऊ, त्यांनी ऐकलं, पण सीझनच्या गर्दीत ऐकतीलच असं नाही. म्हणून सकाळची पहिली बोट धरा अन् आधीच बोला. गाइड घ्या, स्थानिक असते, न घेता फिरलं तर दगड दिसतात अन् गोष्ट हातातून जाते. टोपी अन् पाण्याची बाटली ठेवा, सावली कमी आहे, बाथरूम जेट्टीवरच उरकून घ्या.

दुसऱ्या सकाळी रापण पाहिली. कोणी तिकीट घेत नाही, कोणाच्या यादीत नसते. एक होडी मोठं जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरून परत किनाऱ्यावर येते, अन् मग जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर धरून गावातली माणसं दोन रांगांत ओढतात. पाय वाळूत रोवायचे, पाठ मागं टाकायची, सगळ्यांनी एका दमात ओढायचं. आमची दोन्ही पोरं दोराला लागली, कोणी हाकललं नाही, एका आजोबांनी पोराचा हात धरून दोर कसा धरायचा ते दाखवलं, नाहीतर तळहात सोलतात. तास-दीड तास ओढत होते. जाळं जवळ यायला लागलं तशा वर घारी फिरायला लागल्या अन् शेवटी उथळ पाण्यात सगळं चंदेरी तडफडताना दिसलं, तारल्या, बांगडे, मधात दोन-चार खेकडे. लगेच वाळूवरच वाटे लागले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. यांना आपल्याकडचा इर्जिक (गावानं मिळून एकमेकाच्या शेतात काम करणं) आठवला. आत्याबाई मात्र लांब माडाखाली बसून होत्या, त्यांना ते पाहवलं नाही, तेही मी समजू शकते. तुमच्या घरात कोणी तसं असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा अन् जरा दूर बसवा.

जेवणाचं आता. व्हेजवाल्यांनी मालवणला घाबरू नका, पण हॉटेलात नाही, घरी जेवा. काळ्या वाटाण्याची उसळ अन् आंबोळी, ओल्या काजूची उसळ (सीझन सुरू होताना मिळते, विचारा), घावणे अन् खोबऱ्याची चटणी, फणसाची भाजी, नारळाच्या रसातल्या शेवया. आत्याबाईंची एकादशी काकूंनी वेगळ्या भांड्यात करून दिली, न सांगता, मला ते फार मोठं वाटलं. सगळ्यात खोबरं असते, आपल्या तिखटाची अन् शेंगदाण्याची सवय असलेल्या जिभेला पहिले दोन घास फिके लागतात, मग लागतात गोड. मामाजींना तिसऱ्या जेवणाला ज्वारीची भाकर आठवलीच, तिथं तांदळाची भाकरी मिळते, ती मऊ लुसलुशीत असते पण त्यांचं म्हणणं पडलं की पोटाला आधार नाही. आम्ही घरून ठेचा अन् जवसाची चटणी नेली होती, काकूंनी ती चाखून रेसिपी लिहून घेतली.

मासे खाणाऱ्यांसाठी, सुरमई-पापलेटच्या मागं लागू नका, महाग पडते. आज काय आलं ते विचारा अन् ते खा. बांगडा ताजा असला तर त्याच्यापुढं काही नाही, तिरफळ घालून केलेली कढी-आमटी जेवणात असली तर तिरफळं चावू नका, बाजूला काढा, जीभ बधिर होते. नणंदेला कोंबडी-वडे एवढे आवडले की दोनदा केले. सोलकढी पोरांना पहिल्यांदा नाही आवडली, दुसऱ्या दिवशी वाटी मागून प्यायले. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊन ताजी मासळी शोधू नका.

वॉटर स्पोर्ट्सचं जरा नीट वाचा. देवबागला संगमावर कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं सगळा बाजार आहे, बनाना बोट, जेट स्की, त्सुनामी आयलंड. अन् मालवणला किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग, स्कुबा. रस्त्यात गाडी थांबवून पॅकेज विकणारे भेटतात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला स्कुबा म्हणून पैसे घेतले अन् पाण्यात नेऊन नुसतं रिंग धरून खाली पाहायला लावलं, वरून व्हिडिओचे पैसे वेगळे. म्हणून आधी विचारा, सिलिंडर पाठीवर आहे का, एका माणसामागं एक शिकवणारा आहे का, व्हिडिओ धरून किती. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाचं स्कुबा शिकवणारं केंद्रही आहे, ज्यांना खरंच करायचं त्यांनी तिथं चौकशी करावी. अन् २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून माणसं गेली होती, हे विसरू नका. बोटीत जास्त माणसं भरली असतील तर उतरा, पैसे गेले तरी चालतील. आपण विहिरीत-नदीत पोहणारी माणसं, समुद्राची ओढ आपल्याला ओळखता येत नाही. आम्ही पोरांना फक्त खाडीतल्या संथ पाण्यात होडीनं फिरवलं, संध्याकाळी, अन् त्यांचं मन भरलं.

एका रात्री शेजारच्या गावी जत्रेत दशावतार (कोकणातलं लोकनाट्य) होता. काकूंच्या घरचे सगळे निघाले, आम्हीही गेलो. देवळासमोर मांडव, एक बाक एवढंच नेपथ्य, बाजूला हार्मोनियम, पखवाज अन् झांज. लिहिलेले संवाद नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात, बायांची कामं पुरुषच करतात अन् अशी करतात की नणंद मला विचारत होती ही खरंच बाई नाही का. आपल्या विदर्भात पूर्वेकडच्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक पाहायला बैलगाड्या जुंपून लोक जायचे, ती रात्र ज्यांनी पाहिली त्यांना दशावतार लगेच आपला वाटते. मालवणी पूर्ण समजली नाही तरी चालते. मामाजी पहाटेपर्यंत बसून होते, पोरं मांडीवर झोपली. तुळशीच्या लग्नानंतर गावोगाव जत्रा सुरू होतात, होमस्टेवाल्यांना विचारा, त्यांना माहीत असते कुठं कधी आहे. हॉटेलच्या काउंटरवर हे कोणी सांगत नाही.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या कलेचं एक घरगुती संग्रहालय आहे, चित्रकथीची (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) जुनी चित्रं अन् दोरीवर नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्या. ते उभं करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. पोरांना बाहुली हातात देऊन दोऱ्या ओढून दाखवतात. स्टेशनवरून येताना-जाताना करण्यासारखं आहे, तासभर ठेवा. धामापूरचा तलावही कुडाळ-मालवण रस्त्यावरच, १५३० सालचा, काठावर भगवतीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात. २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत आला. शेतकरी माणसानं थांबावंच.

कुणकेश्वर अगदी समुद्राला लागून आहे, देऊळ छान, दर्शन निवांत झालं. विजयदुर्ग आम्ही नाही केला, मालवणहून जायला-यायला दिवस जाते, शिलाहारांच्या काळातला एवढा जुना किल्ला तिहेरी तटाचा, त्याला वेगळा मुक्काम द्यायचा असं ठरवलं आहे. सावंतवाडीला लाकडी खेळण्यांसाठी जायचं तर चितार आळीत जा, रंगवलेली भाजी अन् फळं घ्या, पोरीला ती प्लास्टिकच्या खेळण्यांपेक्षा जास्त आवडली.

जे आवडलं नाही तेही सांगते. किनाऱ्यावर गर्दीच्या भागात प्लास्टिक पडलेलं असते अन् त्यात बाहेरून येणारे आपण लोकच आहोत, पिशवी सोबत ठेवा. रिक्षाचे भाव आधी ठरवा. देवबागच्या रस्त्यावर समोरून बस आली तर गाडी मागं घ्यावी लागते, स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी सांभाळून. मोबाईलला रेंज काही ठिकाणी जाते तर थोडी कॅश ठेवा. घरगुती ठिकाणी रात्री उशिरा जेवण मागू नका, नऊच्या आत सांगा.

रेटिंग द्यायचं तर किल्ला अन् विहिरी पाच पैकी पाच, होमस्टे पाच, वॉटर स्पोर्ट्सचा बाजार दोन, ट्रेन चार (जेवण घरून न्या, पोळ्या अन् बेसन टिकते). येताना आमसूल, कोकमाचं आगळ (घट्ट रस), काजू, मालवणी खाजा अन् मसाला घ्या, बाजारापेक्षा घरी करणाऱ्या बायकांकडून घेतला तर चव वेगळीच असते. आगळाच्या बाटलीचं झाकण टेपनं बांधून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभी ठेवा, गाडीत आडवी झाली तर गळते अन् तो लाल डाग साडीवरून जात नाही.